भातावरील पाने गुंडाळणारी अळी : तिचा महिनाभराचा संसार आणि आपली औषधाची घाई



उसाच्या मासिकात भाताची कीड कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आपल्या कार्यक्षेत्राच्या पश्चिमेकडील गावांत नदीकाठच्या काळ्या रानात ऊस आणि ओढ्यालगतच्या पाणथळ खाचरात भात, अशी बहुतेकांची शेती आहे. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या सगळ्या पट्ट्यात हेच चित्र दिसते. कारखान्याला येतो तो ऊस, पण घरात वर्षभर शिजतो तो भात. ऑगस्ट उजाडला की गट ऑफिसात उसापेक्षा भाताचेच प्रश्न जास्त येतात, आणि त्यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सायेब, भात पांढरं पडलंया, कुठलं औषध मारू?"

बहुतेक वेळा या प्रश्नाचे खरे उत्तर "सध्या काहीच मारू नका" असे असते. पण नुसते तेवढे सांगून कोणाचे समाधान होत नाही. माणूस उठतो, थेट दुकानात जातो, आणि दुकानदार जे देईल ते मारून मोकळा होतो. म्हणून ही अळी जन्मते कशी, वाढते कशी, पिकाचे नेमके किती आणि केव्हा बिघडवते, हे या लेखात सविस्तर मांडीत आहे. हे कळले म्हणजे औषधाचा निर्णय ज्याचा त्याला घेता येईल.

आधी ओळख पटवा

भाताची पाने पांढरी पडली की आपल्याकडे सरसकट "करपा पडला" म्हणतात. करपा हा बुरशीचा रोग आहे. त्यात पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखी आणि कडेने तपकिरी ठिपके पडतात. पान गुंडाळले जात नाही. अळीने खाल्लेले पान मात्र लांबीच्या दिशेने दुमडलेले असते, कडा एकमेकींना धाग्याने शिवल्यासारख्या असतात, आणि उजेडात धरले तर हिरवा भाग खरवडून गेल्यामुळे पांढरे, पारदर्शक लांब पट्टे दिसतात. गुंडाळी उकलली की आत काळ्या बारीक विष्ठेचे कण आणि बहुधा एक अळी सापडते. अळीच्या पानावर बुरशीनाशक मारणारे सभासद दरवर्षी भेटतात. ते पैसे पाण्यात गेले म्हणायचे.

दुसरा घोटाळा सुरळीतील अळीशी होतो. ती लावणीनंतर लवकर, साचलेल्या पाण्याच्या खाचरात येते. पानाचा शेंडा कातरून त्याची छोटी नळी करते आणि त्या नळीत बसून पाण्यावर तरंगते. तिच्यासाठी दोन-तीन दिवस खाचरातले पाणी काढून टाकले की बरेचसे काम होते. आपली पाने गुंडाळणारी अळी पान कातरीत नाही आणि पाण्यावर तरंगत नाही, त्यामुळे पाणी सोडून दिल्याने तिला काही फरक पडत नाही. तिसरे म्हणजे निळे भुंगेरे. तेही पान खरवडतात आणि पान थोडे वळते, पण त्यात धागा नसतो व बारीक निळसर भुंगेरा पानावर उघड दिसतो.

थोडक्यात, दुमडलेले पान, त्यात धागा आणि आत काळे कण ही तिन्ही असतील तर ती हीच अळी. शास्त्रीय नाव नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस. गेने नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५४ साली हिची प्रथम नोंद केली. म्हणजे कीड जुनीच आहे. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत हिला कोणी फारसे विचारीत नव्हते. बुटक्या, जास्त उत्पादनाच्या जाती आल्या, त्यांच्याबरोबर युरिया आला, औषधे आली, आणि ही साधी कीड मोठी झाली. असे का झाले ते पुढे येईलच.

पतंगापासून पतंगापर्यंत

हिचा पतंग तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे, फक्त नाव माहीत नसेल. ऑगस्टमध्ये भांगलायला खाचरात उतरले की पावलापुढून गवती पिवळ्या रंगाचे लहान पतंग भुर्रकन उडतात आणि हात-दोन हातांवर जाऊन पुन्हा पानाखाली बसतात. पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम दीड ते दोन सेंटिमीटर. पंखांवर काळपट तपकिरी नागमोडी रेघा आणि कडेला गडद पट्टा. बसलेला पतंग त्रिकोणी दिसतो. दिवसा तो पानांच्या सावलीत असतो. नर-मादीचे मिलन आणि अंडी घालणे हे सगळे रात्रीचे काम. दिव्याच्या उजेडाकडे तो येतो. पतंगाचे आयुष्य आठवड्याभराचे, फार तर दहा दिवसांचे. पतंग स्वतः पान खात नाही. म्हणून पतंग दिसले म्हणजे पीक गेले, असे समजून पंप पाठीला लावू नये.

मादी पानावर, बहुधा मधल्या शिरेलगत, एकेक किंवा दोन-चार अशी अंडी घालते. खोडकिडीसारखा पुंजका घालून त्यावर केसांचे पांघरूण घालण्याची हिची रीत नाही. अंडे चपटे, लांबट गोल, पांढरट पिवळे आणि इतके बारीक की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला भिंगाशिवाय दिसणे कठीण. चार ते सहा दिवसांत अंडे उबते. दाट, काळ्याभोर हिरव्या खाचराकडे मादीचा ओढा जास्त असतो. झाडाच्या सावलीखालची आणि बांधालगतची पट्टी आधी लागते, ती याच कारणाने. ढगाळ हवा, हवेत दमटपणा आणि पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास उष्णता असली की हिला मानवते. आपल्याकडचा श्रावण-भाद्रपद म्हणजे हिच्यासाठी सुगीच.

अंड्यातून बाहेर पडलेली अळी केसाएवढी असते. ती लगेच पान गुंडाळीत नाही. पोग्यातल्या कोवळ्या, अजून पुरत्या न उलगडलेल्या पानात शिरते आणि तिथे खरवडत राहते. या वेळी बाहेरून काहीच कळत नाही. कात टाकून जरा मोठी झाली की उलगडलेल्या पानावर येते आणि तिचे खरे शिवणकाम सुरू होते.

हे शिवणकाम एकदा सवडीने बसून पाहण्यासारखे आहे. अळी पानाच्या मधोमध बसते आणि डोके एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे झोके दिल्यासारखे हलवीत तोंडातून रेशमी धागा सोडते. धागा या कडेला चिकटवायचा, त्या कडेला न्यायचा, पुन्हा इकडे. एका अळीची ताकद ती किती! भाताच्या पानाच्या दोन कडा ओढून जवळ आणण्याएवढे बळ तिच्या अंगात नसते. पण धागा वाळताना आखडतो, आणि असे अनेक धागे एकापाठोपाठ आखडले की कडा आपोआप जवळ येत जातात. चारपाईची सुतळी ताणून बसावी तसेच ते. थोड्या वेळात पानाची नळी होते आणि अळी आत सुरक्षित बसते. मग आतल्या बाजूने हिरवा गर खरवडून खायचा, खालचा पापुद्रा तेवढा ठेवायचा. तो पापुद्रा म्हणजेच आपल्याला रस्त्यावरून दिसणारा पांढरा पट्टा. एका गुंडाळीत शक्यतो एकच अळी असते. तिथले खाणे संपले की रात्री बाहेर पडून नवे पान धरते. पूर्ण वाढ होईपर्यंत एक अळी तीन-चार पाने, कधी अधिक, अशी वापरते.

वाढलेली अळी पिवळसर हिरवी, काचेसारखी, डोके तपकिरी, लांबी दीड ते दोन सेंटिमीटर. गुंडाळी उकलून बोट लावले तर जोरात वळवळते, मागे सरकते आणि टपकन खाली पडते. या सवयीचाच फायदा घेऊन जुनी माणसे खाचराच्या दोन बाजूंना धरून काथ्याची दोरी पिकावरून ओढीत, किंवा बोरीची काटेरी फांदी फिरवीत. गुंडाळ्या उघडतात, अळ्या पाण्यात पडतात, काही बगळ्यांच्या तोंडी जातात. लहान खाचराला हा उपाय आजही चांगला आहे. मात्र पीक पोटरीवर आल्यावर दोरी ओढू नये, लोंबीला इजा होते.

अळीची अवस्था पंधरा ते पंचवीस दिवस चालते. तेवढ्यात ती पाच वेळा रूप पालटते. नंतर त्याच गुंडाळीत किंवा बुंध्याशी पानाच्या आवरणात कोष करते. कोष लालसर तपकिरी, सुमारे एक सेंटिमीटरचा. सहा ते आठ दिवसांत त्यातून पतंग बाहेर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून. अंडे ते पतंग हा फेरा सरासरी महिन्याचा धरावा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लावण झालेल्या इंद्रायणीसारख्या जातीवर खरिपात दोन ते तीन पिढ्या होतात. पहिली पिढी फुटव्यांच्या काळात येते, दुसरी पोटरी-निसवणीच्या सुमारास. हा फरक नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब याच्यावरच आहे.

भात निघाल्यावर ही जाते कुठे, असे एका सभासद बंधूंनी गट सभेत विचारले होते. ती कुठेही जात नाही. बांधावरची गवते, खाचरातले भातासारखे दिसणारे तण, मका, ज्वारी, कोवळा ऊस यांवर ती तग धरून राहते. थंड मुलुखात मात्र तिला हिवाळा सोसत नाही. जपानमध्ये ही अळी हिवाळ्यात टिकत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या वाऱ्याबरोबर दक्षिण चीनच्या बाजूने समुद्र ओलांडून पतंग तिथे पोहोचतात. खाचरात हातभर उडून बसणारा हाच पतंग वारा मिळाला की शेकडो मैल जातो. आपल्याकडे त्याला एवढे कष्ट घ्यायचे कारणच नाही, बांध आहेतच. म्हणून लावणीपूर्वी आणि नंतरही बांध साफ ठेवावेत. गवत कापून जनावरांना घालावे, पेटवून देऊ नये.

पांढरे दिसते ते सगळे नुकसान नव्हे

आता मुद्द्याचे. फुटव्यांच्या भरातल्या एका चुडाला बारा-पंधरा फुटवे आणि प्रत्येकाला चार पाने धरली तर पन्नास-साठ पाने होतात. त्यांतली दोन-तीन पाने पांढरी झाली तर शंभरात पाचाच्या आसपासच नुकसान झाले. पण हिरव्या पिकावर पांढरा पट्टा लांबून उठून दिसतो, म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याला सगळे खाचर गेल्यासारखे वाटते. शेजारी सांगतो, पाहुणा सांगतो, आणि घरधनी घाबरतो. या अळीचे निम्मे भय हे असे डोळ्यांचे आहे.

भात या वयात नवी पाने, नवे फुटवे काढीत असतो. गेलेल्या पानाची भरपाई तो स्वतः करतो. खतपाणी व्यवस्थित असेल तर फुटव्यांच्या काळातले बरेच नुकसान काढणीच्या वजनात दिसतच नाही. ओढाळ जनावराने तरवा थोडा खाल्ला तरी लावण केल्यावर तो उभारी धरतो, हे आपण पाहतोच.

पोटरीनंतर मात्र गोष्ट बदलते. त्या वेळी नवे पान यायचे थांबते. दाणा भरण्यासाठी लागणारे बहुतेक अन्न वरची तीन पाने तयार करतात, आणि त्यांतही लोंबीच्या लगतचे शेवटचे पान, ज्याला पुस्तकात ध्वजपर्ण म्हणतात, ते मुख्य. ते पान खरवडले गेले तर त्या लोंबीत पोचट दाणे वाढतात. इथे भरपाई नाही. म्हणजे लावणीनंतर पंचवीस दिवसांनी पाच पाने पांढरी झाली तर झोप मोडायचे कारण नाही, पण निसवणीच्या तोंडावर वरचे एकच पान गुंडाळलेले दिसू लागले तर रोज खाचरात जायला हवे.

मोजणी अशी करावी. खाचरात तिरक्या रेषेने चालत वीस चुडे पाहावेत. बांधाकडेची आणि झाडाखालची पट्टी यात धरू नये, तिथे नेहमीच जास्त असते. फुटव्यांच्या काळात शंभरात दहा पाने, आणि पोटरी ते फुलोरा या काळात शंभरात पाच ध्वजपर्णे लागलेली आढळली, तरच औषधाचा विचार करावा. आणि मोजताना प्रत्येक गुंडाळी उकलून बघावी. अनेकदा अर्ध्याहून अधिक गुंडाळ्या रिकाम्या असतात. अळी कोषात जाऊन पतंग होऊन उडून गेलेली असते, किंवा कोणी खाऊन टाकलेली असते. रिकाम्या गुंडाळीवर औषध मारून काय साधणार? हल्ली सभासद मोबाईलवर फोटो पाठवतात, ते ठीक आहे. पण फोटोत पांढरा पट्टा दिसतो, आत अळी जिवंत आहे की नाही हे दिसत नाही. खाचरात उतरावेच लागते.

हिला खाणारे आपले राखणदार

अळी खाऊन कोण टाकते? यादी मोठी आहे. अंड्यांवर ट्रायकोग्रामा नावाची, टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी अंडी घालते. लहान नाकतोड्यासारखे दिसणारे रातकिडे अंडी खातात. काळ्या-तांबड्या रंगाचा, सडपातळ, चपळ भुंगेरा गुंडाळीत शिरून अळीच खातो. त्याला पिकाचा शत्रू समजून मारू नका. कोळी पतंग पकडतात, चतुर उडते पतंग टिपतात. काही गांधीलमाश्या अळीच्या अंगात अंडी घालतात. गुंडाळी उकलल्यावर मरतुकडी अळी आणि तिच्या शेजारी कापसाच्या बोंडासारखे इवले पांढरे कोष दिसले, तर ते त्या माशीचे आहेत. ते पान तसेच ठेवावे.

लावणीनंतर महिनाभरात मारलेले जहाल औषध आधी या राखणदारांना मारते, कारण ते उघड्यावर फिरत असतात आणि अळी नळीत बसलेली असते. पुढच्या पिढीची अळी येते तेव्हा तिला अडवायला कोणी उरत नाही. शिवाय तपकिरी तुडतुड्यांचे फावते. कोळी आणि ढेकण्यांच्या जातीचे मित्रकीटक गेले की तुडतुडे बुंध्याशी वाढतात आणि खाचरात करपल्यासारखे गोल चट्टे पडतात. इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी असाच हाहाकार केल्यावर १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. औषध कमी पडले म्हणून नव्हे, जास्त झाले म्हणून.

व्हिएतनामची गोष्ट तर थेट आपल्या अळीचीच आहे. मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात शेतकरी लावणी-पेरणीनंतर लगेच फवारण्या सुरू करीत, आणि त्या मुख्यतः पाने गुंडाळणाऱ्या अळीच्या भीतीने. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे डॉ. हेओंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तिथे एक साधा नियम सांगायला सुरुवात केली : पहिले चाळीस दिवस या अळीसाठी फवारणी करू नका. ऐकून विश्वास ठेवा असे त्यांनी सांगितले नाही. शेताच्या एका तुकड्यात न फवारता करून बघा, म्हणाले. रेडिओवर छोट्या नाटुकल्यांतून तेच सांगितले. काही वर्षांत पाहणी झालेल्या भागातील फवारण्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आणि उत्पादन घटले नाही. तिथला शेतकरी आपल्यासारखाच एक-दोन एकरांचा धनी आहे.

उसाच्या सवयीचा युरिया

आता थोडे कडू बोलतो, सभासदांनी राग मानू नये. आपल्या भागात ही अळी वाढण्यात ऊस शेतीच्या सवयीचा मोठा वाटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६० किलो. सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो, म्हणजे एकरी ४० किलो. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या पोत्यात नत्र असते सुमारे पावणेएकवीस किलो. सगळे नत्र युरियातूनच द्यायचे म्हटले तरी उसाला एकरी पावणेआठ पोती होतात, आणि भाताला दोन पोतीही पुरी होत नाहीत. पण जुलै-ऑगस्टात आडसालीची लागण आणि भाताची लावण एकाच वेळी चाललेली असते. उसासाठी आणलेली पोती खाचराच्या बांधावरच पडलेली असतात. "शिल्लक हाय तर टाकूया की भातालाबी," म्हणत हात सैल सुटतो. आठ दिवसांत भात काळाभोर होतो. बघणारा म्हणतो, काय भात आलाय! पतंगाची मादीही तेच म्हणते.

फिलिपाइन्समध्ये ओलिताच्या भातावर याचा नीट प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. नत्र अजिबात न दिलेले, हेक्टरी ७५ किलो दिलेले आणि १५० किलो दिलेले असे भात शेजारी शेजारी घेतले. नत्र न दिलेल्या भाताच्या मानाने १५० किलोच्या भातात अळ्यांची संख्या आठपट निघाली. लागलेल्या पानांचे प्रमाण जास्तीत जास्त शंभरात पाच होते, ते पस्तीसवर गेले. कारण दोन : अंडी जास्त पडली, आणि मधल्या वयाच्या अळ्या जास्त जगल्या. म्हणजे जादा युरियाला आधी पैसे मोजायचे, मग त्याने आणलेल्या अळीच्या औषधाला पुन्हा मोजायचे. वर भात लोळतो तो वेगळाच. आजरा घनसाळसारख्या उंच, सुवासिक जातीला तर जास्त नत्र मुळीच सोसत नाही.

नत्र बंद करा असे मी म्हणत नाही. नत्राशिवाय पीक नाही. एकरी ४० किलोचे माप पाळा आणि ते एकदम न टाकता तीन हप्त्यांत विभागून द्या. शक्य असेल तर युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये चिखलात खोचा. गोळीचे नत्र हळूहळू मिळते, पाण्याबरोबर वाहून जात नाही आणि भात एकदम भडकत नाही. खोचायला माणसे लागतात, ही अडचण मान्य आहे.

औषध मारायचेच झाले तर

मोजणीत वरची मर्यादा ओलांडली, गुंडाळ्यांत जिवंत अळ्या आहेत, आणि पीक पोटरीच्या आसपास आहे, तर उशीर करू नये. प्रादुर्भाव नुकता सुरू झाला असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क घ्यावा. जास्त असेल तर क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के प्रवाही हे भातावर या अळीसाठी शिफारस असलेले औषध एकरी ६० मि.ली., २०० लिटर पाण्यातून मारावे. जास्त घातले म्हणून जास्त लागू पडत नाही. काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते डब्यावर छापलेले असते, ते वाचूनच डबा उघडावा. उसातल्या हुमणीसाठी पूर्वी आणलेले फोरेट कोणाच्या गोठ्यात पडून असेल, तर ते भातात टाकू नका. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे.

फवारणारा माणूस बहुधा मजुरीवर आणलेला असतो. त्याला हातमोजे, तोंडाला फडके आणि अंगभर कपडे देणे ही मालकाची जबाबदारी आहे. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू देऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. भाताचे खाचर अडचणीचे, चिखलाचे, आणि पंपाचा फवारा कमरेच्या उंचीवर. धोका कमी नाही.

त्याआधीचा उपाय मात्र सर्वांच्या हाताशी आहे. उसातल्या खोडकिडीसाठी आपण जी ट्रायकोकार्डे लावतो, त्यांतली ट्रायकोग्रामा चिलोनिस ही माशी भातावरील या अळीच्या अंड्यांवरही चालते. एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी असतात. (ही माशी वाढवतात ती साठवणीच्या तांदळातील पतंगाच्या अंड्यांवर. म्हणजे तांदळाच्या एका शत्रूवर पोसून दुसऱ्यावर सोडायची.) हेक्टरी एक लाख, म्हणजे एकरी दोन कार्डे, लावणीनंतर पाच आठवड्यांनी सुरू करून आठवड्याच्या अंतराने तीन वेळा लावावीत. कार्डाच्या पट्ट्या कापून सकाळी किंवा सायंकाळी पानाच्या खालच्या बाजूस टाचाव्यात, म्हणजे पाऊस लागत नाही. कार्डे आणून घरात ठेवून देऊ नयेत, माशी घरातच निघते. आणि कार्ड लावलेल्या खाचरात जहाल औषध मारायचे नाही, नाहीतर आपणच सोडलेले राखणदार आपणच मारल्यासारखे होते.

उसावर येते का?

येते, पण काळजीचे कारण नाही. भाताच्या खाचराला लागून कोवळा ऊस असेल तर कडेच्या सरीत काही पाने दुमडलेली सापडतात. उसाच्या पानाच्या पसाऱ्यापुढे ते नुकसान नगण्य आहे, त्यासाठी फवारणी करू नये. उसाचे पान वळलेले दिसले म्हणजे अळीच, असेही नाही. पावसाळ्यात शेंड्याची पाने पिळवटून, सुरकुतून, बुडाशी पिवळसर पांढरी पडली तर तो बहुधा पोक्का बोइंग हा बुरशीचा रोग असतो. उन्हाळ्यात भर दुपारी पान लांबीने वळून संध्याकाळी पुन्हा उलगडत असेल तर उसाला पाणी हवे आहे. पानाला फाटकी भोके आणि पोग्यात लाकडाच्या भुश्यासारखी विष्ठा दिसली तर मात्र लष्करी अळीची शंका घ्यावी. ती २०१८ साली आपल्या राज्यात मक्यावर आली आणि त्याच वर्षी उसावरही आढळली. अशा वेळी पान तोडून न आणता शेती मदतनीसाला रानातच बोलवावे.

या खरिपात एक करून पाहावे, अशी विनंती आहे. प्रत्येक गावातील चार-पाच सभासदांनी आपल्या भातापैकी पाच गुंठ्यांचा एक वाफा पहिले चाळीस दिवस या अळीसाठी अजिबात फवारू नये, बाकी खाचरात नेहमीसारखे करावे. दोन्हींची मळणी वेगळी करून वजन घ्यावे. ज्यांची तयारी असेल त्यांनी लावण होताच गट ऑफिसात नाव नोंदवावे, मोजणीला शेती खात्याचा माणूस येईल. भातासाठी ट्रायकोकार्डे हवी असणाऱ्यांनी लावणीची तारीख आणि क्षेत्र त्याच वेळी लिहून द्यावे, कारण कार्डे मागणीप्रमाणे तयार करावी लागतात आणि आयत्या वेळी मिळत नाहीत.

— ऊस विकास अधिकारी